डोळा नव्हे

मेस्त्री सरांच्या खिशाला पेन कधी दिसलं नाही. तिथे डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली असायची. पांढरी, बोटाएवढी, निळ्या टोपणाची. आत औषध नव्हतं, व्हिनेगर होतं. आणि बाटलीवर लाल मार्करने दोनच शब्द लिहिलेले होते : डोळा नव्हे.

हे दोन शब्द आमच्या सावंतांमुळे आले. सावंत राहायचे पहिल्या मजल्यावर, पण आवाज चौथ्यापर्यंत. एकदा डोळे आल्याची साथ होती आणि सावंत लालभडक डोळे घेऊन जिना चढत होते. समोरून सर आले. खिशात थेंबांची बाटली दिसली, तशी सावंतांनी शेजारधर्म समजून ती न विचारता उचलली, टोपण उघडलं आणि मान वर केली. सरांनी त्यांच्या हातावर असा फटका मारला की बाटली दोन पायऱ्या खाली गेली. पुढे आठवडाभर सावंत सांगत फिरत होते की थेंबभर औषधासाठी मास्तराने मला मारलं. सरांनी खुलासा वगैरे काही केला नाही. मार्कर आणला आणि लिहून टाकलं.

आमची चंद्रकोर सोसायटी मुलुंड पूर्वेला. चार मजले, लिफ्ट नाही. सर तिसऱ्या मजल्यावर, मी बरोब्बर त्यांच्या खाली. त्यांच्या दारावर पाटी होती : ग. रा. मेस्त्री. या पाटीने त्यांना कमी ताप दिला नाही. चौथ्यावर आलेल्या एका नव्या भाडेकरूने पाटी वाचून त्यांना बाथरूमची निघालेली टाइल बसवायला बोलावलं. सर गेले. टाइलच्या मागे एक थेंब टाकला, कान लावला, म्हणाले, टाइल बोलत नाही, मागचं सिमेंट बोलतंय, आणि घरी आले. तो बिचारा पुढे दोन दिवस मिस्त्री कधी येणार म्हणून मला विचारत होता. कारण सोसायटीची सेक्रेटरी मी. सेक्रेटरी म्हणजे ज्याच्या घरची बेल कधीही वाजवता येते तो माणूस.

तर हे 'बोलणं'. सरांनी घाटकोपरच्या एका ज्युनियर कॉलेजात पस्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली, आणि त्या अख्ख्या केमिस्ट्रीत त्यांचा जीव जडला तो कार्बोनेटवर. चुनखडी, संगमरवर, शिंपले, अंड्याचं कवच, किटलीत साठणारा पांढरा थर, सगळी एकाच घरातली मंडळी. यांच्यावर आंबट काही पडलं की आत अडकलेला वायू सुटतो आणि फसफस होते. तुम्ही आम्ही म्हणू फसफसलं. सर म्हणायचे, बोलला. आणि जो फसफसला नाही तो मुका. सरांच्या हिशेबी जगात एवढे दोनच प्रकार होते. वनस्पती, प्राणी, काँग्रेस, भाजप हे सगळं नंतर.

माझी त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या ओट्यामुळे. आम्ही हौसेने पांढऱ्या मार्बलचा ओटा करून घेतला होता आणि माझा नवरा येईल त्याला तो दाखवत होता. सरांनाही दाखवला. सर वाकले, बाटली काढली आणि मी हां हां म्हणेपर्यंत मध्यभागी एक थेंब टाकला. मग डोळे मिटून ऐकलं. "अभिनंदन," म्हणाले, "अस्सल आहे." थेंब पुसला तर खाली चकाकी गेलेला वाटाणाभर डाग. तो शेवटपर्यंत गेला नाही. वर मलाच ऐकवलं की ज्या घरात रोज सोलकढी होते त्या घरात मार्बलचा ओटा घ्यायचाच कशाला, ग्रॅनाइट घ्यायचा, तो मुका असतो, कोकमाला दाद देत नाही. मी इतकी भडकले होते की महिनाभर बोलले नाही. महिन्याने ओट्यावर कोकमाचे सात डाग पडले, मग बोलायला लागले.

माणसांनाही ते याच मापाने मोजायचे. सावंत म्हणजे चुनखडी, थेंब पडायचा अवकाश. माझा नवरा डोलोमाइट. डोलोमाइट हाही कार्बोनेटच, पण घुम्या. अख्ख्या दगडावर थेंब टाकला तर ढिम्म, भुकटी करून टाकला तर हळूहळू बोलतो. नवऱ्याची भुकटी करायचं काम अर्थात माझ्याकडे. आणि मी कोण, असं एकदा विचारलं तर जराही न अडखळता म्हणाले, तू खाण्याचा सोडा. कार्बोनेट नाही, बायकार्बोनेट. गरजेपेक्षा जरा जास्तच फसफसतेस.

त्यांच्या आयुष्यातलं मोठं दुःख काय होतं सांगू? खडू. रिटायर व्हायच्या सुमाराला एक दिवस सहज त्यांनी वर्गातल्या खडूवर थेंब टाकला. मुका. दुसरा घेतला, मुका. अख्खा खोका मुका निघाला. खडू म्हणजे कार्बोनेट हे ते दरवर्षी फळ्यावर त्याच खडूने लिहीत आलेले, आणि खडू निघाला जिप्समचा. म्हणजे सल्फेट, म्हणजे भलत्याच घरातला. "पस्तीस वर्षं मी कार्बोनेट शिकवलं, नंदा," मला म्हणाले, "सल्फेटने." मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा बघून मी चहा टाकायला उठले.

ती बाटली मुळात सुलभाकाकूंची. काकू म्हणजे सरांची बायको. त्यांना काचबिंदू होता, थेंब चालू होते, थेंबांनी व्हायचं ते झालं नाही आणि पन्नाशीत दृष्टी गेली. पूर्ण. सरांनी त्यावर कधी भाषण दिलं नाही. रिकाम्या बाटल्या तेवढ्या फेकल्या नाहीत.

काकूंना पाहून मात्र कुणाला पटायचं नाही. माशांचं कालवण, आंबोळ्या, मोदक, सगळं स्वतः. पलंगापासून स्वयंपाकघर अकरा पावलं. दाराची चौकट, मग फ्रिज, मग ओटा. डावीकडच्या भिंतीवर कंबरेच्या उंचीला प्लास्टरमध्ये एक चिमुकला शिंपला अडकलेला होता. आमच्या बिल्डिंगी बांधल्या तेव्हा वाळू खाडीची यायची, तिच्यातून आलेला. त्या शिंपल्याला बोट लागलं की काकूंना कळायचं, आता हात पुढे केला की गॅसचं बटण. घरात रंगारी आला की सर आधी त्या शिंपल्यावर चिकटपट्टी लावून ठेवायचे. मी वरून उसनी साखर आणायला गेले की काकू माझ्याकडे बघून, म्हणजे माझ्या आवाजाकडे बघून, वाटी बरोबर माझ्या हातात द्यायच्या. डोळे असलेल्या आमच्या घरात साखरेचा डबा सापडायला पाच मिनिटं.

आणि त्यांचा कान. रविवारी बाजारातून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, आणल्या की काकू हाताने चाचपून एकेक उघडायच्या आणि सर शेजारी स्टुलावर बसून कवचांवर थेंब टाकायचे. कवचं काय, दर रविवारी तीच, दर रविवारी बोलणारच. तरी टाकायचे. काकूंसाठी. रंग बदलणारे प्रयोग त्यांच्या काय उपयोगाचे? हा एकच प्रयोग होता जो कानाने बघता येतो. काकू मान तिरकी करून ऐकायच्या आणि निकाल द्यायच्या : हा जाड कवचाचा, हा पातळ, हा जुना. मग सर एकदा तरी ती गोष्ट सांगायचेच, की त्यांच्या गावी शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे. भाजला की शिंपल्यातला वायू उडून जातो, उरतो चुना. तो पाण्यात भिजवून भिंतीला लावा, तो हवेतून तोच वायू परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. लोक उगाच चुना लावला, चुना लावला म्हणतात, सर म्हणायचे. चुन्याइतकं प्रामाणिक काही नाही, त्याला एकच ओढ, परत शिंपला व्हायची. काकूंना ही गोष्ट पाठ होती. सर चुकले तर दुरुस्त करायच्या.

सोसायटीत सरांच्या शब्दाला वजन आलं ते टँकरमुळे. एका उन्हाळ्यात पालिकेचं पाणी कमी झालं आणि आम्ही टँकर लावला. टँकरवाला शपथेवर सांगे, तलावाचं गोड पाणी आहे. सावंतांनी तो आणलेला, म्हणून सावंतही शपथेवर सांगत. सरांनी खाली पार्किंगमध्ये स्टोव्ह मांडला, पातेलंभर पाणी आटवलं आणि तळाला धरलेला पांढरा थर सगळ्यांना दाखवला. मग एक थेंब. बोलला, आणि चांगला मोठ्याने बोलला. बोअरवेलचं पाणी. टँकरवाल्याने मान खाली घातली आणि सावंत म्हणाले, मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो. त्या दिवसापासून सोसायटीत कशावरूनही वाद झाला की लोक म्हणायचे, सरांना थेंब टाकायला सांगा.

मग आलं रिडेव्हलपमेंट. आता मुलुंडमध्ये कुठली बिल्डिंग सुटली आहे यातून? बिल्डर आला, त्याचा ऑडिटर आला, त्याने रिपोर्ट दिला की चंद्रकोर धोकादायक आहे, पाडा. सावंतांच्या गटाने दुसरा ऑडिटर आणला, त्याने रिपोर्ट दिला की चंद्रकोर ठणठणीत आहे, डागडुजी करा. बिल्डिंग एकच, रिपोर्ट दोन, आणि दोन्हीवर शिक्के. मी कुठल्या बाजूला होते ते लपवत नाही. माझे गुडघे गेलेत, मला लिफ्ट हवी होती, मुलगा लग्नाचा, मला एक खोली जास्त हवी होती. मी पाडा म्हणणाऱ्यांत पहिली.

सर दुसऱ्या गटात. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडाने बोलत नव्हतं. तीन वर्षं भाड्याच्या घरात म्हणजे काकूंना सगळी पावलं नव्याने मोजावी लागणार, आणि मग नव्या टॉवरमध्ये पुन्हा नव्याने. सत्तरी ओलांडलेल्या बाईने दोन दोन वेळा आंधळं व्हायचं. हे वाक्य माझं नाही, काकूंचं. त्या ते मला साखर देता देता म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, आणि वाटी माझ्या हातात बरोबर ठेवली. त्या दिवशी मी चहा बिनसाखरेचाच प्यायले.

सभेत भांडण विकोपाला गेलं. एका काकांनी माइक फेकला. शेवटी सावंत उठले आणि म्हणाले, दोन्ही ऑडिटर गेले खड्ड्यात, आपल्याकडे घरचा माणूस आहे, सर टेस्ट करतील, सर म्हणतील ते आम्हाला मान्य. सर आपल्याच बाजूचे, हा त्यांचा हिशेब उघड होता. आमच्या बाजूने कुरकुर झाली, पण टँकरच्या वेळी सरांचा थेंब सगळ्यांनी मानला होता, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? मीच ठराव लिहिला. लिहिताना मनात म्हटलं, गेली आपली लिफ्ट.

रविवारी सकाळी सगळी सोसायटी पार्किंगमध्ये जमली. सरांनी कॉलेजातल्या जुन्या सहकाऱ्याकडून फिनॉल्फ्थॅलिन आणलं होतं, फवाऱ्याच्या बाटलीत भरून. हा शब्द आमच्या वॉचमनला काही झेपला नाही. सर बिल्डिंगला फिनेल मारणार आहेत असं त्याने आल्यागेल्याला सांगून टाकलं, आणि दोन बायका खरंच बादल्या घेऊन उतरल्या. गवंडी छिन्नी हातोडी घेऊन तयार होता. सरांनी कुठल्या रंगाचा काय अर्थ ते आधी सांगितलं नाही. ही त्यांची शिकवायची पद्धतच होती. उत्तर आधी सांगितलं की माणूस बघत नाही, नुसतं शोधतो, असं ते म्हणायचे. पस्तीस वर्षं त्यांनी प्रयोग आधी केला आणि फळ्यावर नंतर लिहिलं.

पहिला फवारा त्यांनी मारला पाण्याच्या टाकीच्या नव्या दुरुस्तीवर, जी जेमतेम महिन्यापूर्वी झाली होती. सिमेंट क्षणात गुलाबी झालं. गडद, अगदी राणी कलर. लोक मागे सरकले. लाल म्हणजे धोका, हे आपल्याला सिग्नलपासून शिकवलेलं. सावंत म्हणाले, बघा, बिल्डरच्या ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर, भेसळच करणार. 

मग कॉलम. गवंड्याने पहिला कॉलम फोडला, धूळ फुंकली, सरांनी फवारा मारला. काही नाही. पाणी मारल्यासारखं ओलं झालं, रंग नाही. "अजून आत जा," सर म्हणाले. तो आत गेला. रंग नाही. सळई दिसेपर्यंत फोडलं, रंग नाही. दुसरा कॉलम, रंग नाही. मागून टाळ्या सुरू झाल्या. तिसरा, रंग नाही, आणि आता सावंतांचा गट शिट्ट्या मारायच्या बेतात. मीही समजले, संपलं, बिल्डिंग साफ आहे. बिल्डरला काय सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करायला लागले होते.

तीन कॉलम ठरले होते. सर म्हणाले, आणखी एक. स्वतः चालत कोपऱ्यातल्या कॉलमकडे गेले, जो वर त्यांच्या स्वयंपाकघरातून जातो. गवंड्याच्या हातातून छिन्नी घेतली आणि स्वतःच फोडायला लागले. सत्तरीचा माणूस, घामाघूम, कुणाला हात लावू देईना. धूळ फुंकली. फवारा मारला. थांबले. पुन्हा मारला. मग गवंड्याला हळूच म्हणाले, "आणखी एक बघू. माझ्यासाठी." मी जवळ उभी होते म्हणून ऐकू आलं. पाचवाही तसाच, ओला आणि बिनरंगाचा.

टाळ्यांचा आवाज ऐकून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत काकू आल्या. ग्रिल दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी वरून विचारलं, "काय इला ओ?" घरात ते दोघं मालवणीच बोलायचे.

सर वर बघत राहिले. तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला आता कळतं, तेव्हा कळलं नव्हतं. त्या पार्किंगमध्ये चाळीस माणसं होती आणि रंगाचा अर्थ एकट्या सरांना माहीत होता. नुसतं गप्प राहायचं होतं. खोटंसुद्धा बोलायला नको होतं.

"काय नाय इला," सर म्हणाले.

लोकांनी पुन्हा टाळ्या पिटल्या. काही आलं नाही, म्हणजे काही निघालं नाही, म्हणजे बिल्डिंग पास. मी मात्र वर बघत होते. काकूंनी ग्रिलवरचा एक हात काढला, मग दुसरा काढला, आणि त्या आत गेल्या. बेचाळीस वर्षं केमिस्ट्रीच्या मास्तराशी संसार केलेली बाई. फिनॉल्फ्थॅलिनला रंग नाही आला म्हणजे काय, ते चाळीस डोळस माणसांच्या आधी तिला कळलं होतं.

मग सर आमच्याकडे वळले. म्हणाले, "टाळ्या थांबवा. रंग यायला हवा होता."

आणि फळ्यापुढे उभं राहून सांगावं तसं सावकाश सांगितलं. सिमेंटमध्ये चुन्याचा तिखटपणा असतो. तो असेपर्यंत आतली सळई गंजत नाही, आणि तो आहे तिथे हे औषध गुलाबी होतं. टाकीचं नवं सिमेंट गुलाबी झालं ते चांगलं होतं म्हणून. पण हवेतला वायू वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि चुन्याचं कार्बोनेट करतो. कार्बोनेट वाईट नाही, उलट दगडासारखं घट्ट होतं, पण तिखटपणा जातो आणि सळई उघडी पडते. मग ती गंजते, फुगते, आणि एक दिवस वरचं सिमेंट ढकलून देते. आपल्या पाचही कॉलममध्ये हे सळईपर्यंत पोचलंय. "चुना परत शिंपला झालाय," म्हणाले. "सोडावी लागेल बिल्डिंग."

कुणी टाळी वाजवली नाही, आमच्या बाजूनेही नाही. सावंत लाल झाले. सर, तुम्हाला कुणी विचारलं होतं, असं त्यांनी तोंडावर विचारलं. सर म्हणाले, तुम्हीच. आणि ती फवाऱ्याची बाटली वॉचमनकडे देऊन जिना चढायला लागले. मी जिंकले होते. लिफ्ट मिळणार होती, खोली मिळणार होती. मेलं, मला त्यांच्या मागोमाग जिना चढवेना. मी तासभर खाली खुर्चीत बसून राहिले.

ज्याच्यावर आयुष्यभर माया केली त्यानेच घर खाल्लं, असं मी नंतर एकदा त्यांना म्हटलं. जरा नाटकीच बोलले, कबूल आहे. त्यावर म्हणाले, कार्बोनेटचा काय दोष, त्याने त्याचं काम केलं. आपण त्यात लोखंड घातलं.

सगळे पांगलो. आम्ही ठाण्याला गेलो, सर आणि काकू भांडुपला एका वन रूम किचनमध्ये. दिवाळीचा फराळ घेऊन मी गेले तेव्हा काकूंच्या कपाळाला टाका होता आणि हाताला भाजल्याचा पट्टा. पहिल्या पंधरवड्यात दोनदा पडल्या होत्या. दारांच्या चौकटींवर हाताच्या उंचीला सरांनी तिसऱ्यांची कवचं चिकटवली होती. स्वयंपाकघराला एक, बाथरूमला दोन, बाहेरच्या दाराला तीन. काकू उठल्या, भिंतीवरून हात फिरवत गेल्या, एक कवच लागलं, आत वळल्या, आणि फ्रिजवर आपटल्या. हसल्या. म्हणाल्या, अभ्यास कच्चा आहे अजून. मग सर उठले आणि चहा त्यांनी केला. साखर जास्त पडली होती. मी सगळा प्यायले आणि चांगला झालाय म्हणाले. बस पकडेपर्यंत मला स्वतःचा राग येत होता, गुडघ्यांचाही.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते चंद्रकोर पाडत होते तेव्हा. पत्र्यांचं कुंपण लागलं होतं. मी सेक्रेटरी म्हणून कसल्याशा सहीला गेले होते. चौथा मजला गेला होता, तिसरा अर्धा. जेवणाची सुट्टी होती, मशीन बंद होतं, आणि ढिगाऱ्याच्या कडेला डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून सर उकिडवे बसले होते. हेल्मेट वॉचमनचं, त्यांना मोठं होत होतं. तोच फिनेलवाला वॉचमन त्यांना आत घेऊन आला होता.

मी हाक मारणार होते, पण त्यांच्या एका हातात फोन होता. सरांना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. समोर प्लास्टरचा तवाभर तुकडा. त्यावर पिस्ता, आकाशी, पिवळा, असे वर्षानुवर्षांचे रंगांचे थर, सगळ्यांत खाली पांढरा चुना, आणि मधोमध तो शिंपला. कसा शोधला, त्यांनाच माहीत. ते फोनवर मालवणीत सांगत होते की गावलो, आपलो तोच गावलो, आता गप ऱ्हव आणि आयक. सरांनी खिशातून बाटली काढली. 'डोळा नव्हे' मधला 'डोळा' एव्हाना झिजून गेला होता, नुसतं 'नव्हे' वाचता येत होतं. फोन तुकड्याला चिकटवून धरला आणि एक थेंब टाकला.

मला एवढ्या लांबून फसफस ऐकू आली नाही. सर तसेच वाकून राहिले, हेल्मेट कपाळावर आलेलं.

मग काकूंचा आवाज आला, अगदी साधा, साखर देतानाचा.

"आणखी एक घाला."

सरांनी घातला. मग आणखी एक. शेवटी त्यांनी बाटलीचं तोंड दातांनी उपटलं आणि होतं नव्हतं तेवढं व्हिनेगर त्या शिंपल्यावर ओतलं, आणि फोन हलू नये म्हणून दुसरा हात खाली टेकवला. जेवणाची सुट्टी संपली होती. मशीनवाला चढायला निघाला, तसा मी त्याला हात दाखवून थांबवला.